क्रूझच्या धक्क्यापासून घारापुरीपर्यंत

देवनारकरांनो, गोवंडीहून हार्बर लोकलने सीएसएमटी गाठलं की बॅलार्ड पिअर जवळच. देशोदेशींच्या क्रूझ इथेच लागतात. पुढे गेटवेहून लाँचने तासाभरात घारापुरी! साधारण सहाव्या शतकातली ही शैव लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. मुख्य लेण्यातला सदाशिव जवळपास २० फूट उंच. तिन्ही मुखं शिवाचीच: आपल्या डावीकडे उग्र अघोर, मधे ध्यानस्थ तत्पुरुष, उजवीकडे कोमल वामदेव. त्यांच्यासमोर निवांत उभे राहाच. एवढं सामर्थ्यवान शिल्प मुंबईच्या आसपास दुसरं नाही. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याच्या राणीबागेत आहे. सोमवारी लेणी बंद असतात. सकाळची पहिली लाँच पकडा.