जायफळ सगळ्यात शेवटी

रात्रीचे साडेदहा झाले की आमच्या जिन्यात चपलांचा आवाज येतो. भाचीची दुसरी पाळी सुटलेली असते. दारात आल्या आल्या ती गळ्यातली ओळखपत्राची फीत काढून खिळ्याला अडकवते आणि विचारते, "आत्या, दूध आहे का?" जेवायला काय आहे, हे नंतर. दूध आहे म्हटलं की ती हातपाय धुवायला जाते आणि मी ओट्यापाशी.

आम्ही राहतो ते पूर्णा म्हणजे गोडाऊन, असं भिवंडीबाहेरच्या माणसाला वाटतं आणि ते फारसं चूक नाही. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे. जिथे भाताची खाचरं होती तिथे आता पत्र्याचे गाळे आहेत. मुंबईच्या जकात नाक्यांच्या बाहेर आणि तरी मुंबईला चिकटून, म्हणून माल इथे उतरायला लागला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गाळे काही उठून गेले नाहीत, उलट वाढलेच. भाची अशाच एका गाळ्यात स्कॅनर हातात घेऊन आठ तास माल मोजते. मिक्सर, पाळणे, कुत्र्याचं खाणं, योगाच्या चटया. मध्यंतरी तिने स्वतःसाठी एक छोटं कॉफीचं भांडं मागवलं. ते आमच्याच रस्त्यावरच्या कुठल्यातरी गाळ्यातून निघालं, ठाण्याला जाऊन एक रात्र राहिलं आणि तिसऱ्या दिवशी परत आमच्या दारात आलं. सरळ चालत गेलो असतो तर पंधरा मिनिटांत घेऊन आलो असतो, पण गाळ्यातला माल असा हातात मिळत नसतो.

रात्रीच्या कॉफीचं हे सगळं सुरू झालं ते ठाण्याच्या एका मॉलमध्ये. मैत्रिणींबरोबर गेलेली, तिथे हिने मसाला घातलेलं लाते प्यायलं आणि घरी येऊन मला म्हणाली, "आत्या, साडेतीनशे रुपये घेतले गं, आणि ती आपली जायफळाची कॉफी निघाली. फेस तेवढा जास्त."

मला त्याचं नवल वाटलं नाही. अमेरिकेत स्टारबक्सने २००३ साली भोपळ्याच्या नावाचं मसाला लाते काढलं, त्यात दालचिनी, जायफळ, लवंग हाच ऐवज. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यात भोपळाही नव्हता. तिकडे भोपळ्याच्या पायमध्ये जो मसाला पडतो, तो तेवढा घेतलेला. आणि लाते या शब्दाचा अर्थ इटालियनमध्ये नुसतं दूध. म्हणजे शेवटी मसाला दूधच. आमच्या शेजारच्या काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पोली लाटतात, कॉफी कशी लाटायची?" त्या मूळच्या इथल्याच, आगरी. त्यांच्या घरी सकाळी कोरा चहा. "कॉफी म्हनजे पावन्यांना," असं त्यांचं स्पष्ट मत आहे.

पाहुण्यांना, हे मात्र खरं. मराठी घरात चहा रोजचा आणि कॉफी प्रसंगाची. मुलगी बघायला आले की कॉफी. तापातून उठलेल्या माणसाला कॉफी. गणपतीत रात्री भजनाला बसलेल्यांना मोठ्या पातेल्यातून कॉफी. आणि चहाला आलं असतं तसं कॉफीला जायफळ. लग्नाच्या हॉलमध्ये ती वाफ सोडणारी, चकचकीत मशिनं असायची, त्यातून निघणाऱ्या कॉफीला सगळे 'एक्स्प्रेसो' म्हणायचे. खऱ्या एस्प्रेसोशी तिचा काही संबंध नव्हता. कपात साखर आणि पावडर, वरून दूध, आणि नळीतून फुस्स करून वाफ. वर चॉकलेटची भुकटी भुरभुरली की झाली. पण आमच्या पिढीला फेसाची गोडी तिनेच लावली. घरी मशीन नाही, म्हणून मग कॉफी फेटायची.

फेटलेल्या कॉफीवर मला दोन शब्द सांगायचेत, कारण ती सोपी समजून लोक बिघडवतात. दोन चमचे इन्स्टंट पावडर, दोन चमचे साखर आणि पाणी चमचाभरच. पाणी जास्त झालं की संपलं. चमच्याने कपाच्या भिंतीवर घासत फेटत राहायचं. आधी काळा चिखल, मग तपकिरी मलम, आणि दहाएक मिनिटांनी हात भरून आला की रंग बदामी होतो. इथे साखर नुसती गोडीला नसते. तिचा पाक दाट होतो आणि त्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात. बिनसाखरेचा फेस बघता बघता बसतो. गोड नको म्हणून साखर गाळणाऱ्यांनी हा उद्योग करू नये. २०२० च्या टाळेबंदीत हीच कॉफी दालगोना नावाने कोरियातून मोबाइलवर परत आली, तेव्हा भाचीने मला व्हिडिओ दाखवून शिकवायला घेतलं होतं. मी गप्प बसून शिकून घेतली.

पण लातेला पावडर नको, काढा हवा. तिच्या नव्या भांड्याला मोका पॉट म्हणतात. १९३३ साली इटलीत निघालं आणि पुढे तिथल्या घराघरात गेलं. खाली पाणी, मध्ये जाळीच्या वाटीत पूड, वर रिकामं भांडं. खालचं पाणी तापलं की वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढतं. आमच्या गॅसवर ते उभंच राहीना. बर्नरच्या चार बोटांच्या मधोमध त्याचा बुडखा घसरायचा. शेवटी पापड भाजायची जाळी खाली ठेवली, तेव्हा बसलं. पहिल्या दिवशी मी पूड चांगली दाबून भरली, आच मोठी ठेवली, आणि जे काही वर आलं ते जळक्या वांग्यासारखं लागत होतं. आता पूड सैल भरते, वरून बोट फिरवून सपाट करते, आच बारीक. पाणी वाफेच्या खिट्टीच्या खालपर्यंतच. वर घरघर सुरू झाली की लगेच बंद. ती घरघर संपेपर्यंत थांबलात तर कडू.

पूड आम्ही माटुंग्याहून दळून आणतो, त्यात वीस टक्के चिकोरी. चिकोरी म्हणजे भाजलेल्या मुळाची पूड. लोक तिला भेसळ समजून नाक मुरडतात. मिश्रणात निम्म्याहून जास्त, किमान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे असा नियम आहे आणि पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं; बघून घ्यावं. पण मुंबई इलाख्याची जीभ चिकोरीवरच घडली. पोलसन म्हटलं की आपल्याला लोणी आठवतं, पण त्या घराण्याचा धंदा सुरू झाला तो कॉफी दळण्यापासून, आणि ती कॉफी चिकोरीचीच. दुधाला नुसती कॉफी पुरी पडत नाही. चिकोरीने तिला अंग येतं. शिवाय चिकोरीत कॅफीन नसतं. रात्री अकराला पिणाऱ्यांसाठी हा विचार करावा लागतो.

मसाला मात्र मी कॉफीत घालत नाही. काही लोक दालचिनीची पूड पुडीबरोबर भांड्यात भरतात. जाळी चोंदते आणि दालचिनी पाण्यात भिजून बुळबुळीत होते. मसाल्याचा पाक वेगळा करून ठेवायचा. वाटीभर साखर, वाटीभर पाणी, दालचिनीचे बोटभर दोन तुकडे, चार लवंगा, सहा-सात वेलच्या सालासकट ठेचून. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं. एकतारी करायचा नाही, गुलाबजाम नाहीत आपले; बोटाला चिकटला की पुरे. गाळून बाटलीत भरला की फ्रिजमध्ये दोन आठवडे राहतो. एका कपाला दोन चहाचे चमचे.

साखरेऐवजी गूळ घालून बघ, असं मला बऱ्याच जणींनी सुचवलं. घातला. दूध उकळत होतं, मी कोल्हापुरी गुळाचा खडा सोडला आणि ढवळेपर्यंत पातेल्यात हिरवट पाणी एकीकडे, गठ्ठे एकीकडे. गुळात थोडा आंबटपणा असतो, उकळत्या दुधाला तेवढा बास होतो. गूळ घालायचाच तर त्याचा पाक करून, दूध खाली उतरवल्यावर. दुसऱ्यांदा आल्याचा रस कोमट दुधात घातला, तेव्हा तर नवलच झालं. फाटलं नाही, विरजणासारखं थरथरत बसलं. ओल्या आल्यात दूध गोठवणारं द्रव्य असतं, ते उकळल्यावर मरतं; म्हणून तर चहात आलं आधी पाण्यात उकळतो. चीनच्या दक्षिणेकडे असं आल्याने बसवलेलं दूध मुद्दाम करून खातात. भाचीनेही ते साखर घालून खाल्लं. पण लाते झालं नाही. तेव्हापासून थंडीत चिमूटभर सुंठ, तीही पाकातच.

आता दूध. माझं म्हणणं असं, की या प्रकारात कॉफीवर जेवढं बोललं जातं त्याच्या दसपट दुधावर बोलायला हवं. कपात चार वाट्यांना एक वाटी काढा असतो, बाकी दूधच. आमच्याकडे तबेल्याचं म्हशीचं दूध येतं. सकाळी एकदा उकळायचं, गार करायचं, साय काढून ठेवायची. साय राहिली तर फेसावर तुकडे तरंगतात आणि ओठाला लागतात. रात्री दोघींसाठी तीनशे मिलीलिटर उंच भांड्यात घेऊन बारीक गॅसवर ठेवते. उकळायचं नाही, हे हाताला शिकवायला मला महिना लागला. आयुष्यभर दूध वर येण्याची वाट बघितलेली; इथे त्याच्या बऱ्याच आधी उतरवायचं. थर्मामीटर नाही. कडेला बारीक बुडबुड्यांची माळ धरली, वाफ दिसू लागली, आणि भांड्याच्या अंगाला लावलेली बोटं दोन सेकंदांवर टिकेनात, की ते साठ-पासष्ट अंशांच्या आसपास असतं. एवढ्यावर दूध सगळ्यात गोड लागतं. उकळलं की त्याला खव्याचा वास येतो. तोही चांगला, पण तो बासुंदीचा.

फेसाला भाचीने सेलवर चालणारी फिरकी आणली होती. सेल संपले तेव्हा मी आईची ताकाची रवी काढली, आणि आता फिरकी ड्रॉवरमध्येच आहे. भांडं तिरकं धरायचं, रवीचं डोकं आधी वरच्या थरात अर्धंच बुडवायचं म्हणजे हवा आत जाते. दहा-पंधरा वेळा घुसळलं की खाली दाबून हळू फिरवायचं. वर साबणासारखे मोठे बुडबुडे येतात. भांडं ओट्यावर दोनदा ठक ठक आपटलं की मोठे फुटतात, बारीक उरतात. कॅफेसारखा रेशमी फेस यातून होत नाही, वाफेचं मशीन लागतं त्याला. आमचा जरा जाडा, ताकावरच्या फेसासारखा. पण एका कपावर दोन बोटं उभा राहतो आणि पिऊन होईपर्यंत बसत नाही.

कपात आधी पाक, त्यावर गरम काढा, ढवळून मग दूध चमच्याने फेस अडवत, आणि शेवटी फेस वरून ओढून घ्यायचा. मग जायफळ.

आमच्या डब्यातली जायफळं दापोलीकडची. नारळी-पोफळीच्या सावलीत तिकडे ही झाडं लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' नावाची जातही काढली आहे. बियांपासून लावलेलं झाड नर की मादी, हे फूल येईपर्यंत कळत नाही, आणि फूल यायला पाच-सात वर्षं जातात. मूळ घर इंडोनेशियातली बांदा बेटं. त्यातल्या रन नावाच्या चिमुकल्या बेटावरचा हक्क इंग्रजांनी १६६७ च्या तहात डचांना सोडला आणि डचांनी मॅनहॅटन इंग्रजांकडे राहू दिलं. त्या काळी जायफळाचं पारडं जड होतं.

चांगलं जायफळ हातात जड लागतं. कापलेल्या बाजूला तपकिरी-पांढऱ्या रेषांची नक्षी असते, जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या कागदासारखी. आणि नख दाबलं की तेलाचा ओलसर डाग उमटतो. डाग उमटला नाही तर ते मेलेलं आहे, बदलून आणा. पूड करून कधी ठेवू नये. सगळा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो, आठवडाभरात डबीत लाकडाचा भुसा उरतो. पाकात उकळलं तरी तेच होतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी, थेट फेसावर. बारीक किसणीवर कपाला चार फेरे. आई सहाणेवर उगाळायची, त्याने वास जास्त गोल येतो, पण तो दुधात मिसळायचा. वरून भुरभुरायला किसणीच. चाराचे दहा फेरे केले तर जीभ बधिर होते. अख्खं जायफळ पोटात गेलं तर माणसाला भास होतात, छाती धडधडते. हा गमतीचा मसाला नव्हे. बाळगुटीत त्याचा एकच वळसा देतात तो उगाच नाही.

"झोप यावी म्हणून जायफळ आणि जाग यावी म्हणून कॉफी, हे एकाच कपात कशाला?" असं काकूंनी एकदा विचारलं. कॉफीचं काम पाच-सहा तास चालतं, हे मला माहीत आहे. भाचीला मी काढा निम्माच घालते आणि दूध वाढवते. तिला त्याचा पत्ता नाही. किंवा असेलही.

ती खिडकीपाशी बसून पिते. खाली ट्रेलर मागे घेताना त्याची टिंग टिंग चालू असते, कुणीतरी "आन दे, आन दे" ओरडतं. अर्ध्या कपावर आल्यावर ती बोलायला लागते: आज कुठल्या रॅकवर काय सापडलं नाही, कोणाला रजा मिळाली नाही. काल तिच्या हातून चारशे कॉफी मग गेले, सगळे दिवाळीचे, खोक्यावर काचेचं चित्र. बोलता बोलता कप संपतो. तळाशी जायफळाचा करडा गाळ राहतो. तिने बाटलीतलं थोडं पाणी कपात ओतलं, गोल फिरवून खळबळलं आणि तेही पिऊन टाकलं.