ट्रेसिंग पेपरने चित्र उतरवताना देव उलटा होऊ नये म्हणून

सौसर-पांढुर्ण्याकडच्या चित्रवेड्या मित्रांनो, जामसावळीचा पहुडलेला हनुमान कागदावर उतरवायचाय? मग ट्रेसिंग पेपर घ्या. त्याच्या लगद्यातले तंतू खूप कुटून इतके दाट बसवतात की मधे हवा फारशी उरत नाही. प्रकाश कमी विखुरतो, म्हणून खालची रेघ दिसते. कागद मिळाला नाही तर साध्या पातळ कागदाला खोबरेल तेल चोळा, पण तो फक्त फोटोच्या झेरॉक्सवर ठेवा. मूळ फोटोवर ठेवला तर डाग पडतो.

फोटोवर कागद चिकटपट्टीने बसवून टोकदार एचबीने बाह्यरेषा काढा. मग कागद उलटून मागच्या बाजूने त्याच रेषांवर टू-बी पेन्सिल गिरवा. सुलटा करून ड्रॉइंग शीटवर ठेवा आणि वरून पुन्हा रेषा ओढा. खाली ग्राफाइट उतरतं. घाईत पहिल्याच रेषा पालथ्या घालून घासल्या, तर देवाचं डोकं पायांच्या जागी जातं! कार्बन पेपर मला आवडत नाही. त्याची रेघ खोडरबरने नीट जात नाही आणि जलरंगातूनही डोकावते.

‘ही तर नक्कल’ म्हणणाऱ्यांना अजिंठा सांगा. १९०९ ते १९११ दरम्यान ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत आपले चित्रकार नंदलाल बोस तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतीच करत होते. पोळ्याची सजलेली बैलजोडी, जाम नदीतला गोटमारीचा पळस, जे उतरवाल ते कमेंटमध्ये टाका. सोबत मूळ फोटोही हवा बरं का!