जपानी सोंगांचे खेळ

व्हिडिओ-खेळ म्हटला म्हणजे प्रौढ मनुष्याच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें : अंधारलेली खोली, बंदुकांचा कडकडाट, आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों दहा वेळां खटके दाबणारा कोणी पोरगा. हें चित्र अगदींच खोटें नाहीं. परंतु ह्या खेळांच्या मोठ्या गोतावळ्यांत एक शाखा अशी आहे कीं, तींत हाताच्या चपळाईला फारशी किंमत नाहीं. किंमत आहे ती स्मरणाला, हिशेबाला व सबुरीला. ही शाखा जपानांत भरभराटली. इंग्रजींत ह्यांस रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आम्ही घरांत 'सोंगाचे खेळ' म्हणतों, कारण खेळणारानें एका वीराचें सोंग घेऊन तें महिनोन्महिने वागवावयाचें असतें. गेलीं चार वर्षें आम्ही हे खेळ नियमानें खेळत आहों. पासष्टीच्या घरांत आलेल्या निवृत्त शिक्षकानें ह्या नादीं लागावें ह्याचें कित्येकांस नवल वाटतें, कित्येकांस वाईटहि वाटतें. त्या उभयतांसाठीं हा लेख आहे.

कारण सांगितलेंच पाहिजे. आम्हांस कंपवाताची बाधा आहे. पेला दोन्ही हातांनीं धरावा लागतो, आणि कॅरमची सोंगटी नेमकी मारणें तर सोडूनच द्यावें लागलें. घरांतील मुलें उद्धट नाहींत; तीं आम्हांस कधीं हंसलीं नाहींत. पण आमची पाळी आली कीं खेळ अडतो, आणि अडलेला खेळ मुलांना कोठला आवडणार? हळूहळू तीं आम्हांस बोलवीनाशीं झालीं. एकत्र कुटुंबांत म्हातारा माणूस एकटा पडतो तो असा, कोणाचाहि अपराध नसतां.

अशा वेळीं ओसाकास नोकरी करणाऱ्या आमच्या पुतण्यानें तेथील जुन्या वस्तूंच्या दुकानांतून 'फॅमिकॉम' नांवाचें लाल-पांढरें यंत्र आणि 'ड्रॅगन क्वेस्ट' ह्या खेळाची मूळ जपानी पेटी आणली. एका कारागिराकडून तारा जुळवून घेऊन आम्ही टेलिव्हिजनपुढें बसलों. रानांत चालतां चालतां एक राक्षस समोर आला, आणि – थांबला. पडद्यावर चार आज्ञा उमटल्या : लढ, मंत्र म्हण, पळ, साहित्य वापर. आपण त्यांतील एक निवडीपर्यंत शत्रु जागचा हलत नाहीं. पाणी पिऊन या, संध्या आटोपून या. तो तेथेंच उभा. आपला वार झाला कीं मग त्याचा. इतका सभ्य प्रतिपक्षी आम्हांस कित्येक वर्षांत भेटला नव्हता.

ही सभ्यता योगायोगाची नव्हे. १९८१ सालीं अमेरिकेंत 'विझर्ड्री' व 'अल्टिमा' हे दोन खेळ निघाले. ते संगणकाचा नाद असलेल्या मंडळींसाठीं होते व नवख्यास दुर्बोध वाटत. युजी होरी ह्या जपानी गृहस्थानें त्यांतील सार घेऊन घरोघरच्या पोराबाळांस कळेल असा खेळ रचला. तो २७ मे १९८६ रोजीं बाहेर पडला. राक्षसांचीं चित्रें अकिरा तोरियामा ह्यांचीं, संगीत कोइची सुगियामा ह्यांचें. सुगियामांचें वय त्या वेळीं पंचावन्न होतें, हें आम्ही घरांत मुद्दाम दोनदां सांगितलें. सगळा खेळ अवघ्या ६४ किलोबाइटांत बसविला आहे. पुतण्या म्हणतो, त्याच्या फोनमधील एक छायाचित्रहि ह्याहून मोठें असतें. जागेची टंचाई एवढी कीं, काताकाना लिपींतील सगळीं अक्षरेंसुद्धां घालतां आलीं नाहींत. निवडक अक्षरें ठेवून त्यांतूनच राक्षसांचीं नांवें बनवावीं लागलीं.

होरींच्या योजनेंतील मर्म असें. प्रत्येक लढाईनंतर वीरास अनुभवाचे गुण मिळतात, ते सांचले कीं तो एक पायरी चढतो व बलवान् होतो. वीर मेला तर राजापुढें पुन्हां उभा राहतो. राजा त्याची खरपूस लाज काढतो, त्याचीं निम्मीं नाणीं जातात, पण मिळविलेला अनुभव जात नाहीं. शिक्षकास हा कायदा फार पटतो. शिवाय खेळ सुरू होतो त्या गडावरून पाण्यापलीकडे, अगदीं समोर, शत्रूचा गड दिसत असतो. हांकेच्या अंतरावर आहे. परंतु तेथें पोंचण्यास सारी पृथ्वी पायांखालीं घालावी लागते.

आतां आम्हांस ज्याचा सर्वांत अधिक आनंद झाला तें सांगतों. आरंभीं वीराचें नांव द्यावयाचें असतें व त्यासाठीं पडद्यावर जपानी अक्षरांचा तक्ता येतो. ती लिपि आम्ही ह्याच खेळासाठीं, पुतण्याच्या दहा वर्षांच्या मुलीसह शिकलों. तक्ता पाहतांच आम्ही थक्क झालों. अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ही तर आमचीच वर्णमाला! चवर्गाच्या जागीं 'स' आहे. आणि 'म'च्या आधीं 'ह' कां, तर प्राचीन जपानींत त्या 'ह'चा उच्चार 'प' होता, म्हणजे तो पवर्गच झाला. ही मांडणी बौद्ध मठांतील संस्कृत अध्ययनांतून आली. कूकाई हा भिक्षु इ.स. ८०६ मध्यें चीनहून परतला, तेव्हां तेथें शिकलेली 'सिद्धम्' लिपि त्यानें बरोबर आणली. आणि त्या लिपीच्या अभ्यासकांनीं पुढें आपल्या भाषेचीं अक्षरें आपल्याच क्रमानें लाविलीं. आम्हीं वीराचें नांव 'राम' ठेवलें. जपानी लिपींत 'न' खेरीज शेवटीं उघडें व्यंजन येत नाहीं, म्हणून नात म्हणाली, "आजोबा, हा 'रामा' झाला." आम्हीं म्हटलें, झाला नाहीं, होताच, मराठींत आपण त्याचा शेवटचा अकार गिळला आहे, तो जपान्यांनीं परत दिला.

मंत्रांचेंहि तसेंच. जखम भरून आणणारा मंत्र 'होइमी'. त्यास पुढें 'बे' लागला कीं 'बेहोइमी', तो अधिक प्रभावी. अग्नीचा 'गिरा', त्याचा 'बेगिरामा'. मालिकेच्या तिसऱ्या भागांत 'मेरा', 'मेरामी', 'मेराझोमा' अशी चढती परंपरा आहे. उपसर्ग-प्रत्ययांनीं अर्थ चढविण्याची ही युक्ति पाहून, होरींना कोणी व्याकरणाचे गुरुजी भेटले असावेत असें आमच्या मनांत येतें.

पण ह्या जुन्या पेटींत एक क्रूर गोष्ट आहे. तिला स्मरण नाहीं. यंत्र बंद करण्यापूर्वीं राजा वीस अक्षरांचा एक 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगतो. तो लिहून घ्यावयाचा व दुसऱ्या दिवशीं जसाच्या तसा भरावयाचा. एक अक्षर चुकलें कीं सारें गेलें. त्वष्ट्याच्या यज्ञांत 'इंद्रशत्रु' ह्या पदाचा स्वर चुकला आणि इंद्राला मारणारा निघावयाचा तो इंद्राकडून मरणारा निघाला, ही कथा वर्गांत आम्हीं किती वेळां सांगितली असेल! आमच्या हस्ताक्षराचा भरवसा उरला नसल्यानें लेखनिक नात. ती पाटीवर लिही, आणि दुसऱ्या दिवशीं जुना मंत्र पुसून नवा लिही. गेल्या पौषांत एका संध्याकाळीं राजानें मंत्र नाकारला. दोन महिन्यांची कमाई त्या वीस अक्षरांत होती. पोर रडकुंडीला आली.

आम्हीं पाटी खिडकीशीं नेली. जपानी लिपींत 'नु' आणि 'मे' भावंडांसारखे दिसतात, 'ने' आणि 'रे' हेहि, तसेच 'हा' आणि 'हो'. अशीं संशयित अक्षरें पांच निघालीं. प्रत्येकाचीं दोन रूपें, म्हणजे एकंदर बत्तीस पाठ. जुन्या पोथीचे पाठभेद तपासावे तसे आम्हीं ते क्रमानें मांडले. अक्षरें भरण्याचें काम मुलांनीं आळीपाळीनें केलें. आम्ही वाचून दाखवीत होतों. पहिल्या दिवशीं सोळा झाले. दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीला सगळीं आपण होऊन जमलीं, क्रिकेटचा सामना सोडून! सव्विसाव्या पाठास राजानें 'रामा' म्हणून हांक मारली, आणि असा गलका झाला कीं शेजारचे विचारावयास आले.

घरांत सारेंच गोड चाललें आहे असें मात्र नव्हे. 'फायनल फँटसी' ही दुसरी प्रसिद्ध मालिका १९८७ सालीं हिरोनोबु साकागुची ह्यांनीं सुरू केली. तींत १९९० च्या तिसऱ्या भागापासून आवाहनानें येणारी एक हिमकन्या आहे, तिचें नांव 'शिवा'. आमच्या थोरल्या वहिनींनीं एकदां तें पाहिलें व विचारलें, "भाऊजी, हा शंकर कीं ही शंकर?" त्यांचा राग आम्हांस समजतो. परदेशच्या करमणुकीनें आपलीं दैवतें नुसतीं नांवापुरतीं उचलावीं हें आम्हांसहि रुचत नाहीं. ज्या जपानानें महेश्वरास 'दाइजिझाइतेन' म्हणून व सरस्वतीस 'बेन्झाइतेन' म्हणून देवळांत स्थान दिलें, त्याच्याकडून तर अधिक विचाराची अपेक्षा होती. पण तेवढ्यासाठीं खेळ टाकावा असें आम्हांस वाटत नाहीं. वहिनींस वाटतें. तो वाद अद्याप मिटलेला नाहीं.

आमची खरी तक्रार निराळी आहे. ह्याच मालिकेचा सोळावा भाग २२ जून २०२३ रोजीं निघाला. चित्रें अशीं कीं पाहत राहावें. पण त्यांतील शत्रु थांबत नाहीं. पाळी गेली, चपळाई आली! कर्त्यांनीं मंदहस्तांसाठीं एक सोय मात्र ठेवली आहे : वीराच्या बोटांत विशिष्ट अंगठी घातली कीं घाव येण्याच्या क्षणीं काळ मंदावतो, दुसरी घातली कीं घाव आपोआप चुकतो. सोय चांगली आहे, आम्हीं ती वापरलीहि. परंतु सर्वांसाठीं थांबणारें जग आणि अंगठी दाखविल्यावर थांबणारें जग ह्यांत फरक आहे. सुदैवानें सगळ्यांनींच जुनी रीत टाकलेली नाहीं. ड्रॅगन क्वेस्टचे पहिले दोन भाग ३० ऑक्टोबर २०२५ रोजीं नव्या रूपांत निघाले, त्यांत पाळीपाळीचें युद्ध कायम आहे.

नव्या रूपाकडे आम्ही सवडीनें वळूं. जुना रामा सध्यां एकोणिसाव्या पायरीवर आहे. सूर्याचा दगड व पावसाची काठी हातीं आलीं; इंद्रधनुष्याचा पूल बांधण्यास लोतो वीराची खूण तेवढी हवी, ती विषारी दलदलींत कोठेंतरी पुरलेली आहे. पाटी माळ्यावर गेली असून मंत्र आतां वहींत उतरतो. नात लिहिते, धाकटा नातू मोठ्यानें वाचतो, आणि मग आम्ही पडद्याशीं ताडून पाहतों. दलदल खणण्याचें काम येत्या रविवारीं, मुलांची सहामाही परीक्षा संपली म्हणजे.