दवाखान्याच्या कारभारात गावाचा वाटा
सरकारी दवाखान्यात लोक केसपेपर काढतात, रांगेत बसतात आणि मिळेल ते औषध घेऊन घरी जातात. तो दवाखाना कसा चालावा, पैसा कशावर खर्च व्हावा, हे ठरवताना त्यांना सहसा कोणी विचारत नाही. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही मानले. सोलापूर जिल्ह्याच्या शेजारी असा सहभाग त्याआधीच सुरू झाला होता.

जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये आले. गावोगावच्या बैठकांत लोकांनी औषधाआधी पाणी आणि अन्न मागितले, आणि दुष्काळाच्या त्या वर्षांत कूपनलिका खोदणे व मुलांना पोषक आहार देणे हेच आरोग्याचे काम ठरले. पुढे गावात प्रशिक्षित नर्स ठेवून पाहिली, पण ते जमले नाही. मग गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायचे ठरले. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते, काही दलित वस्तीतल्या होत्या. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. आधी आराखडा आणि मग ग्रामसभा असा क्रम ठेवला असता, तर पाण्याचा विषय बहुधा निघालाच नसता.

सरकारी यंत्रणेत लोकसहभागाला चौकट मिळाली ती २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानामुळे. गावपातळीवर आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आली. गावाची गरज पाहून वापरण्यासाठी तिच्या खात्यात वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी येऊ लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्या नेमल्या गेल्या. लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि नागरिक एकत्र बसून दुरुस्ती, रुग्णांच्या सोयी, किरकोळ खरेदी ठरवतील, अशी कल्पना होती. मात्र आधीच तयार झालेल्या ठरावाखाली सह्या घेण्यापुरतीच बैठक होत असेल, तर त्यात लोकांचा सहभाग शोधूनही सापडत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत गंभीर प्रयत्न म्हणजे ‘लोकाधारित देखरेख व नियोजन’. तो २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरू झाला. पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्यस्तरावर समन्वय करत होती. पुढच्या टप्प्यात आठ जिल्ह्यांची भर पडली, त्यांत सोलापूरही होता.

कामाची पद्धत साधी होती. समितीचे सदस्य आणि कार्यकर्ते गावात बसून प्रश्न विचारत. नर्सताई ठरल्या दिवशी येतात का? लसीकरण वेळेवर होते का? बाळंतपणासाठी पैसे मागितले का? औषध बाहेरून आणायला चिठ्ठी दिली का? उत्तरांवरून प्रगतिपत्रक भरले जाई. सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, जेमतेम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. हा तक्ता कोणालाही कळे, त्यासाठी आकडेवारी वाचता यावी लागत नसे. त्यानंतर जनसुनावणी होई. एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला वैद्यकीय अधिकारी, आणि मांडवातल्या सगळ्यांसमोर उत्तर द्यायचे. तक्रारपेटीतली चिठ्ठी बाजूला सारता येते, भरसभेत उभ्या राहिलेल्या बाईचे म्हणणे तसे टाळता येत नाही. बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या थांबणे, बेकायदा घेतलेले पैसे परत मिळणे, बंद पडलेले उपकेंद्र उघडणे असे बदल या पद्धतीने अनेक ठिकाणी घडवले.

सोलापूरच्या अडचणी थोड्या निराळ्या आहेत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात घरोघरी कन्नड बोलली जाते, शहराच्या पूर्व भागात तेलुगू. सभा फक्त मराठीतून चालली तर कित्येक बायका नुसत्या ऐकून परततात. शहरात विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी विड्यांच्या संख्येवर ठरते. सकाळी अकराला बोलावलेली बैठक म्हणजे तेवढा रोजगार बुडाला. नागरी आरोग्य अभियानात वस्तीतल्या ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती धरली आहे, तिची वेळ आणि भाषा वस्तीने ठरवली तरच ती चालेल.

सोलापुरात सहभागाचा आणखी एक नमुना आहे, तो सहकाराचा. अश्विनी सहकारी रुग्णालय सहकारी तत्त्वावर उभे आहे, आणि सहकार कायद्यात भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. तरीही सभासद नसलेल्या रुग्णाला तिथे मत नाही, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

मताला वजन किती, यावर देशोदेशी फरक दिसतो. ब्राझीलच्या १९९० च्या कायद्याने आरोग्य परिषदांतल्या निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्यांना दिल्या, आणि परिषदेपुढे आरोग्यावरचा खर्चही येतो. आपल्याकडे गावपातळीवर सुटणारे प्रश्न सुटतात: नर्सची अनियमित फेरी, अस्वच्छ प्रसूतिगृह, दरपत्रक न लावणे. रिक्त पदे आणि औषधखरेदी मात्र गावाच्या हातात नसते. खरेदीसाठी राज्याने २०२३ मध्ये वेगळे प्राधिकरण कायद्याने स्थापन केले. गावाच्या हाताबाहेरच्या अशा प्रश्नांसाठीच देखरेख समित्यांची रचना गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा आणि राज्य अशी पायरीपायरीने केली होती. खालच्या सभेत न सुटलेला प्रश्न वरच्या समितीपुढे न्यायचा आणि तिथले उत्तर पुन्हा गावात येऊन सांगायचे.