आईसाठी एक रविवार: मराठी मंडळीतील मातृदिनाची उपासना

पवन मावळातील तिकोणा पेठ हे गाव तिकोणा ऊर्फ वितंडगड या किल्ल्याच्या पायथ्याशी वसले आहे. गडावरच्या गुहेतील तुळजाईचे ठाणे आणि थोड्या अंतरावर कार्ल्याच्या लेण्यांपाशी असलेले एकवीरा आईचे देऊळ पाहिले, की देवाला आई म्हणून हाक मारण्याची सवय या मुलखाला किती जुनी आहे हे ध्यानात येते. याच मावळच्या घाटमाथ्यावर, लोणावळ्यात, बोरघाटातून रेल्वे सुरू झाल्यानंतर एकोणिसाव्या शतकातच प्रोटेस्टंट आणि रोमन कॅथलिक अशी दोन्ही पंथांची प्रार्थनामंदिरे उभी राहिली होती, आणि पुण्यामुंबईच्या ख्रिस्ती मंडळ्या विसाव्यासाठी व शिबिरांसाठी या परिसरात आजही येत असतात. अशा मंडळ्यांच्या वार्षिक क्रमात मे महिन्याचा दुसरा रविवार आईसाठी राखून ठेवण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. बाहेरच्या वाचकाला मात्र या उपासनेत नेमके काय घडते आणि ती कोठून आली, याची कल्पना क्वचितच असते.

ख्रिस्ती परिभाषेत मंडळी म्हणजे एका ठिकाणी एकत्र येऊन भक्ती करणारा श्रद्धावंतांचा समुदाय, आणि पाळक म्हणजे तिचे धार्मिक नेतृत्व करणारा दीक्षित सेवक. प्रोटेस्टंट मंडळीच्या रविवारच्या उपासनेत प्रारंभीचे गीत, पापांगीकार म्हणजे आपल्या चुकांची सामुदायिक कबुली, पवित्र शास्त्राचे वाचन, उपदेश, दानार्पण, इतरांसाठी केलेल्या मध्यस्थीच्या प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद असा क्रम असतो. मातृदिनी हा सांगाडा तसाच राहतो, फक्त त्यातील माणसे बदलतात. शास्त्रवाचन आणि प्रार्थना महिला मंडळाच्या सभासद करतात, अनेक ठिकाणी उपदेशही एखादी स्त्रीच करते, आणि पेटी-तबल्याच्या साथीने म्हटली जाणारी गीते त्या दिवसाला साजेशी निवडली जातात. मे महिना हा शाळांच्या सुट्टीचा असल्यामुळे सुट्टीतील बायबल शाळेत मुलांनी बसवलेले गाणे किंवा छोटी नाटिका याच रविवारी सादर होते. मग संडे स्कूलची मुले फुलांच्या परड्या घेऊन बाकांच्या रांगांतून फिरतात, आणि शिक्षिकेने ओळीने फुले द्यायला कितीही बजावले असले, तरी धाकटी मुले आधी आपापल्या आईकडेच धावतात.

यात आईची पूजा नसते, हे मुद्दाम सांगायला हवे. ख्रिस्ती विचारानुसार उपासना फक्त देवाची होते. आईबद्दल देवाचे आभार मानले जातात आणि तिचा सन्मान केला जातो. या सन्मानाला आधार आहे तो दहा आज्ञांपैकी पाचव्या आज्ञेचा, जी बापाबरोबर आईचाही मान राखायला सांगते. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात मात्र देव स्वतःच्या मायेची तुलना लेकराचे सांत्वन करणाऱ्या आईच्या मायेशी करतो, त्यामुळे ज्या धर्मात देवाला मुख्यतः पिता म्हटले जाते, तिथेही देवाचे आईपण शास्त्राबाहेरचे ठरत नाही.

या दिवशी कोणते उतारे वाचले जातात, यावर उपासनेचा कस ठरतो. सर्वांत अधिक वाचला जातो तो नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय, ज्यात सद्गुणी स्त्रीचे वर्णन आहे. हा अध्याय लमुएल नावाच्या राजाला त्याच्या आईने दिलेल्या शिकवणीने सुरू होतो आणि त्यातली स्त्री शेत पारखून विकत घेते, आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रे तयार करून व्यापाऱ्यांना विकते, तसेच दीनदुबळ्यांना सढळ हाताने देते. असे असूनही उपदेशांत तिची घरातली सोशिक गृहिणी होऊन बसते, हा त्या अध्यायावर अन्यायच म्हणावा लागेल. त्यामानाने हन्नाची कथा मंडळीच्या मनाला अधिक भिडते. मूल नाही म्हणून टोमणे सोसणारी हन्ना मंदिरात ओठांतल्या ओठांत प्रार्थना करते, तेव्हा एली याजकाला ती मद्य प्यायलेली वाटते. पुढे झालेला मुलगा शमुवेल तिने मंदिराच्या सेवेला दिला, आणि दरवर्षी यज्ञासाठी जाताना ती त्याच्या मापाचा नवा छोटा झगा शिवून नेत असे. रिस्पाची कथा मात्र या रविवारी सहसा ऐकू येत नाही. राजकारणात बळी गेलेल्या आपल्या मुलांच्या प्रेतांना दिवसा पाखरांनी आणि रात्री श्वापदांनी शिवू नये म्हणून ही स्त्री खडकावर गोणपाट अंथरून सातूच्या कापणीपासून पाऊस पडेपर्यंत राखण करीत राहिली, आणि तिच्यामुळेच दावीद राजाला त्या मृतांच्या अस्थींना सन्मानाने मूठमाती द्यावी लागली. फुले वाटण्याच्या दिवशी ही कथा पाळकांना जड वाटत असावी.

आजच्या स्वरूपातला मातृदिन आला तो अमेरिकेतून, आणि त्याचा पहिला विधी चर्चमध्येच झाला. वेस्ट व्हर्जिनियातील ॲन रीव्हज जार्विस या मेथडिस्ट गृहिणीने १८५८ च्या सुमारास खेड्यांतील आयांचे गट उभारले होते, आणि ते स्वच्छता, निर्मळ दूध व आजाऱ्यांची शुश्रूषा यांसाठी काम करीत. स्वतःची बहुतेक मुले लहानपणीच दगावल्याने तिला या कामाचे मोल कोणी सांगावे लागले नाही, आणि पुढे यादवी युद्धात याच गटांनी दोन्ही पक्षांच्या जखमी सैनिकांची सेवा केली. ९ मे १९०५ रोजी ती वारली. तिची कन्या ॲना जार्विस हिच्या प्रयत्नांनी १० मे १९०८ रोजी ग्राफ्टन येथील मेथडिस्ट चर्चमध्ये आयांसाठी पहिली खास उपासना झाली, आणि ॲनाने त्यासाठी आईच्या आवडीची ५०० पांढरी कार्नेशनची फुले पाठवली. १९१४ साली राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मातृदिन पाळण्याची घोषणा केली. पुढे फूलविक्रेते आणि भेटकार्डांचे व्यापारी या दिवसावर तुटून पडल्यावर ॲनाने आपणच सुरू केलेल्या प्रथेच्या बाजारीकरणाविरुद्ध उरलेले आयुष्य खर्ची घातले. १९४८ साली ती वारली, आणि मातृदिनाची ही जननी स्वतः कधीच आई झाली नव्हती.

इंग्लंडमधील मदरिंग संडे हा याहून निराळा दिवस असून तो ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील चौथ्या रविवारी येतो. दूरच्या घरी चाकरीला असलेली मुले त्या दिवशी आपल्या मूळ चर्चला आणि ओघानेच आईला भेटायला जात, अशी ती जुनी रीत. कॉन्स्टन्स पेन्सविक स्मिथ या बाईंनी ॲनाच्या चळवळीची वार्ता वाचून १९१३ नंतर या रीतीला पुन्हा उभारी दिली.

मातृदिनाच्या उपासनेची दुसरी बाजू प्रीतीची आहे. प्रीती हा मराठी ख्रिस्ती व्यवहारातला नेहमीचा शब्द असून त्यात निरपेक्ष, कृतीतून दिसणारे प्रेम अभिप्रेत असते. या दिवशी किंवा लग्नात हमखास वाचला जाणारा पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आज गोड वाटतो खरा, पण तो लिहिला गेला एका भांडखोर मंडळीला, जिथे सहभोजनाच्या वेळी काही जण आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. त्या सहभोजनातूनच प्रीतिभोजनाची परंपरा वाढली, जी प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या, संस्कारापासून वेगळी पडून पुढे मागे पडली. १७२७ साली जर्मनीतील हेर्नहुट येथे मोरेव्हियन पंथीयांनी ती पुन्हा सुरू केली आणि त्यांच्याकडून ती मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने उचलली. मेथडिस्टांच्या प्रीतिभोजनात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा पेला हातोहात फिरे, आणि त्यानंतर कोणीही उठून आपला अनुभव सांगू शकत असे. व्यासपीठ ज्यांना बंद होते त्या स्त्रियांनाही तिथे बोलता येई. आज मातृदिनाच्या उपासनेनंतर मंडळीच्या आवारात होणारे चहापान किंवा जेवण त्या प्रीतिभोजनाचेच दूरचे नातेवाईक मानायला हरकत नाही, फक्त त्या दिवशी तरी भांडी पुरुषांनी घासायला हवीत.

मराठी मंडळीने या दिवसासाठी अमेरिकेकडेच पाहायला हवे असे मात्र नाही, कारण तिच्या स्वतःच्या इतिहासात, तेही पुणे जिल्ह्यातच, याहून बळकट आधार आहे. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी. दिवसभर घरकाम असल्यामुळे लक्ष्मीबाई पहाटे पाखरे जागी होण्यापूर्वीच झोपाळू लेकीला लाडीगोडीने उठवून पाठ देत असत. दुष्काळात १८७४ साली वडील गेले आणि पाठोपाठ आईही गेली. तेव्हा खांदेकरी पुरेसे मिळेनात, म्हणून रमाबाईंनीही तिरडी धरली आणि उंची कमी पडल्याने आपल्या वाट्याचा भार त्यांना डोक्यावर घ्यावा लागला. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला, आणि १८८७ साली प्रसिद्ध झालेले आपले इंग्रजी पुस्तक त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केले. त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळाने उघड्यावर आलेल्या मुली आणि विधवा १९०० च्या सुमारास दीड हजारांहून अधिक होत्या. तिथे फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि वृद्ध व दुर्बलांसाठी प्रीति सदन अशी घरे झाली. प्रीतीचा अर्थ इथे निवारा, अन्न आणि शुश्रूषा असा रोकडा होता. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे छपाईचे खिळेही मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळवले.

गीतांच्या बाबतीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ऋण मोठे आहे, कारण ख्रिस्ताला आई आणि गुरू अशा दोन्ही नात्यांनी एकदम आळवण्याची वारकरी वळणाची रीत त्यांनी मराठी भजनात रुजवली. त्यांचे निधन ९ मे १९१९ रोजी झाले. ॲन जार्विस गेली तीही ९ मे रोजीच, आणि विल्सन यांची घोषणा झाली तीही ९ मे रोजी, हा योगायोगच. कॅथलिक परंपरेत मे महिना मुळातच मरियामातेचा असल्यामुळे तिथे मातृदिन जपमाळेच्या भक्तीत सहज मिसळून जातो. सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या मरियामातेच्या, म्हणजे मोतमाउलीच्या, जत्रेत बाळाच्या, घराच्या, हातापायांच्या आकाराच्या मेणाच्या वस्तू वाहिल्या जातात, आणि त्या वाहणाऱ्यांत चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या चढणारे मुंबईचे कोळीही असतात.

या उपासनेवर मंडळीच्या आतूनही आक्षेप घेतले जातात. मातृदिन हा चर्चच्या पारंपरिक पंचांगातला सण नाही, तो पुनरुत्थानकाळात, म्हणजे ईस्टरनंतरच्या आठवड्यांत, मध्येच घुसतो, असे काही पाळकांचे म्हणणे असते. त्याहून गंभीर आक्षेप असा, की मूल नसलेली, मूल गमावलेली किंवा अविवाहित स्त्री आणि आईविना वाढलेली माणसे या सोहळ्यात नकळत बाजूला पडतात. पहिला आक्षेप फारसा टिकत नाही. दुसरा मात्र खरा आहे. ‘ज्या आया आहेत त्यांनी उभे राहावे’ ही सूचना अजूनही अनेक ठिकाणी दिली जाते आणि त्या क्षणी बसून राहणाऱ्या बाईकडे सगळ्यांचे लक्ष जाते. काही मंडळ्यांनी यावर सोपा तोडगा काढला असून त्या उपस्थित सर्व स्त्रियांना फूल देतात आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेत वियोगाचे दुःख सोसणाऱ्यांचा उल्लेख करतात. ज्यांनी हे अद्याप केले नसेल त्यांनी ते करावे.

मातृदिनाची उपासना इतर रविवारांच्या उपासनेप्रमाणेच सर्वांना खुली असते. अन्यधर्मीय पाहुण्याने शेवटच्या बाकावर बसून नुसते ऐकले तरी चालते, आणि प्रभुभोजन असल्यास त्यात भाग घेण्याची अपेक्षा त्याच्याकडून नसते. २०२७ साली मे महिन्याचा दुसरा रविवार ९ तारखेला येतो.