लेटरहेडवरची अक्षरे म्हणजे परवाना नव्हे

छावणी ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलात की पडेगाव येते. इथे आता औतापेक्षा काँक्रीटचा मिक्सर जास्त फिरतो. ज्यांच्याकडे दोन-तीन एकर शिल्लक आहे, ते कोंबड्यांचे शेड नाहीतर गोदाम बांधायच्या विचारात असतात. आणि बांधकाम आलं की सल्लागार आलाच.

इथल्याच शिवारातले एक काका. कर्ज काढून त्यांनी आठ हजार पक्ष्यांचं शेड घातलं. सल्लागाराच्या लेटरहेडवर नावापुढे दोन ओळी भरून अक्षरं होती. "पर्यावरणाचं सगळं माझ्याकडे लागलं," म्हणाला आणि चाळीस हजार घेऊन गेला. पुढे वस्तीवरून माश्यांची, वासाची तक्रार झाली. तपासणीला माणसं आली तेव्हा काकांनी मोठ्या भरवशानं प्लॅस्टिकच्या लिफाफ्यातला कागद पुढं केला. मी शेजारीच उभा होतो. तो त्या सल्लागाराच्याच एका संघटनेच्या सभासदत्वाचा दाखला होता! त्यात शेडचा उल्लेखसुद्धा नव्हता. पुढची पिल्लं टाकणं थांबलं, हप्ते मात्र चालू राहिले.

आता ही अक्षरं खोटी असतात असं नाही बरं का. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० सालची कोलकात्याची संस्था. एम.आय.ई., एफ.आय.ई. ही तिच्या सभासदत्वाची पायरी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या पात्रतेत या सभासदत्वाला स्थान आहे. बिल्डर्स असोसिएशन १९४१ पासूनची. नॅशनल सेफ्टी कौन्सिल ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली, म्हणून ४ मार्चला सुरक्षा दिन पाळतात. चांगल्या संस्था आहेत. पण वर्गणी भरून सभासद होणं वेगळं आणि कायद्यानं नोंदणी असणं वेगळं. माझ्याही डिप्लोमाची फ्रेम ऑफिसात लटकते. तिच्यामुळे कोणाच्या शेडला परवानगी मिळत नाही.

आर्किटेक्टचंच पाहा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असल्याशिवाय ती पदवी लावता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा, लाजू नका. मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. त्यांचा अहवाल करणाऱ्या सल्लागाराला 'नॅबेट'ची मान्यता लागते आणि त्या सल्लागारांची यादी कोणालाही पाहता येते. आपल्या कोंबड्यांच्या शेडचं प्रकरण एवढं मोठं नसतं. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी पाच हजारांवरचे पक्षी संमतीच्या कक्षेत आणले. ही संमती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं, शेडच्या मालकाच्या नावानं देतं, आणि अर्ज मालकाला स्वतः ऑनलाइन करता येतो. मंडळाचं कार्यालय आपल्या शहरातच आहे. पाया खणायच्या आधी तिथं जाऊन आपल्या शेडला आज काय लागू आहे ते विचारा.

सल्लागार नेमूच नका असं माझं म्हणणं नाही. काम जाणणारा माणूस चार हेलपाटे वाचवतो. फक्त पैसे देताना कशाचे देतोय ते कागदावर लिहून घ्या: कोणतं कार्यालय, कोणता अर्ज, कोणाच्या नावानं. अर्जाच्या पोचपावतीची झेरॉक्स हातात आल्यावरच दुसरा हप्ता.

जाता जाता एक. शेडवर पत्रे चढवणारी पोरं बहुधा गावातलीच असतात. अठरा ते साठ वयाच्या आणि वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद होते. काकांच्या शेडवरच्या पाचांपैकी एकाकडेही ती नव्हती.

काकांनी आता स्वतःच्या नावानं संमतीचा अर्ज केलाय. तो प्लॅस्टिकचा लिफाफा ते चुलीत घालायला निघाले होते. मी म्हटलं, काका, ठेवा जपून. सल्लागाराविरुद्ध तक्रार करायची तर तोच पहिला पुरावा आहे.