त्वचेवरचे बिनतारी पहारेकरी

मेंदूतील विद्युत्संकेत कवटी ओलांडून डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचतात तेव्हा त्यांचे मान अवघे १० ते १०० मायक्रोव्होल्ट उरते, आणि पापणीची साधी उघडझापसुद्धा त्यांना झाकून टाकते. अशा क्षीण संकेतांचे मानवातील पहिले आलेखन १९२४ साली जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी केले. पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचे संकेत रेडिओलहरींनी पाठविण्याची तजवीज केली, परंतु त्या यंत्राचे सुमारे ३८ किलोंचे ओझे पाठीवर वाहावे लागे.

या परंपरेतील मला सर्वाधिक भावलेले कार्य म्हणजे जॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली शिकागोत अकाली जन्मलेल्या अर्भकांसाठी सिद्ध केलेल्या दोन मृदू, पातळ पट्ट्या. एक छातीवर बसून हृदयाची नोंद घेते. दुसरी पायाला गुंडाळली जाऊन प्रकाशाच्या साहाय्याने रक्तातील प्राणवायू मोजते. दोहोंना बॅटरी नाही. गादीखालील अँटेना त्यांना ऊर्जा पुरविते. चिकटपट्ट्या काढताना सोलवटणारी कोवळी कातडी त्यामुळे बचावते, आणि तारांचा अडथळा दूर झाल्याने मातेला बाळ उराशी धरता येते.

विज्ञानाची थोरवी केवळ मापनाच्या सूक्ष्मतेत नसून ज्याचे मापन करावयाचे त्या जिवाला वेदना न देण्यात आहे, अशी माझी पक्की खात्री आहे.